द्वारकाबायची बरणी

साहेबांनी बाटली धरलेला हात होडीच्या काठावरून खाली घातला, तेवढ्यात बाय म्हणाली, "थांबा साहेब."

साहेबांचा हात पाण्यापासून वीतभर वर थांबला.

"आता नको. वासून वल्ह्यान गाळ ढवळल्यान. जरा निवळांदेत, मगे भरा."

वासू म्हणजे मी, वासुदेव तारी. हेदवळच्या खाडीवर अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे करण्यात माझा जन्म गेला. वल्हं कसं मारावं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण बाय पडली माझी थोरली बहीण. माझ्याच होडीत बसून माझ्याच वल्ह्याला नावं ठेवायचा हक्क तिनं पहिल्यापासून स्वतःकडे घेतलेला होता. मी वल्हं पाण्यात तसंच स्थिर धरलं.

ही पूल व्हायच्या आधीची गोष्ट. साहेबांचं नाव सबनीस. जिल्ह्याच्या गावाहून पाणी तपासायला आले होते. होडीत पाय टाकल्यापासून एका हातानं काठ घट्ट धरून बसलेले, पण माणूस सरळ होता. आमच्या अर्जावरून ते आले होते. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाना उभा राहिला होता आणि त्याचा एक नळ खाडीत सोडलेला होता. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला त्या नळातून काळसर पाणी यायचं आणि दुसऱ्या दिवशी काठाला फेस लागायचा. आता कारखान्याला दुसरा नळ टाकायचा होता. पाणी वाईट आहे असं सबनीससाहेबांनी लिहिलं असतं तर तो अडला असता. चांगलं आहे असं लिहिलं असतं तर बायचा पट्टा गेला असता.

बायचा पट्टा म्हणजे खाडीच्या वळणावरची तिसऱ्यांची, म्हणजे चिखलात राहणाऱ्या खायच्या शिंपल्यांची, जागा. बायचं नाव द्वारका. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि दुसऱ्याच महिन्यात ओहोटीला पाटी घेऊन वळणावर उतरली. तेव्हापासून ती जागा तिची. खाडी कोणाच्या बापाची नसते हे खरं, पण बायला विचारल्याशिवाय वाडीतली कुठलीही बाई तिथे पाय टाकत नसे. विचारलं तर बाय कोणाला नाही म्हणत नसे, फक्त बारकी तिसरी उचलणाऱ्या बाईला चारचौघीत अशा शिव्या घालायची की ती पुन्हा विचारायला यायची नाही. गेल्या पावसानंतर पट्ट्याच्या वरच्या टोकाला तिसऱ्या उघड्या तोंडानं मरून पडायला लागल्या होत्या.

मी साहेबांना आधी नळाकडेच नेलं होतं. पण नळ त्या दिवशी कोरडा ठणठणीत. साहेब म्हणाले, "इथे पाणीच नाही, मी भरू काय?" तेही बरोबर होतं. मग बाय म्हणाली, "माझ्या पट्ट्यार चला. मरतत ते थय मरतत."

पाणी निवळलं. आधी वल्ह्याचं टोक दिसलं, मग तळ दिसला. तळाच्या चिखलात जोडीजोडीनं बारीक भोकं होती. साहेब वाकून बघायला लागले आणि पहिल्यांदाच त्यांनी काठ सोडला.

"ही भोकं कसली?"

"तिसरे," बाय म्हणाली. "खाली बसलेत. एका भोकान पाणी आत घेतत, दुसऱ्यान भायर सोडतत."

"किती आहेत हो."

"खालच्या अंगाक आजून आसत."

साहेबांनी बाटली बुडवली, वर काढली आणि उन्हात धरली. बाटली रिकामी आहे की भरलेली हे कळू नये इतकं ते पाणी नितळ होतं. साहेब म्हणाले, "वा." बायचा चेहरा असा फुलला की जणू त्यांनी तिच्या पोटच्या पोराचं कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. आपल्या खाडीला बाहेरचा माणूस वा म्हणतो तेव्हा कोणाला वाईट वाटतं?

दुपारी साहेब बायकडेच जेवले. तिनं तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, ओलं खोबरं घालून, आणि तांदळाची भाकरी. साहेब आधी संकोचत होते, मग बोटं चाटायला लागले. ताटाच्या कडेला शिंपल्यांचा ढीग झाला.

"बाई, असं मी कधी खाल्लं नाही," हात धुताना ते म्हणाले. "परत आलो की हेच करायचं."

"येवा कधी पण," बाय म्हणाली. "तिसरे खय जातले?"

महिन्या-दीड महिन्यानं सरपंच बाबल मेस्त्री तरीवर, माझ्या होडीच्या धक्क्यावर, आला. मी होडीतलं पाणी उपसत होतो आणि बाय काठावर पाटी धूत होती.

"द्वारकाबाय, रिपोट इलो," बाबल म्हणाला. "पाणी चांगला आसा म्हणतत."

"मगे?" बाय खुशीत म्हणाली. "माझ्या पट्ट्याचा पाणी. चांगला नाय तर काय आसतला?" मग जरा थांबून तिनं विचारलं, "मगे आता नळ बंद होतलो मा?"

बाबल तिच्याकडे बघत राहिला. "अगे, पाणी चांगला म्हटल्यावर नळ बंद कित्याक होतलो? दुसरो पण घालतले. शाळेत सभा लावतले, आमची काय ती हरकत ऐकतले आणि घालतले."

बायच्या हातातली पाटी तशीच राहिली. तिला काही उमगत नव्हतं. मलाही नव्हतं. तिसऱ्या मरतात हे खोटं नव्हतं, आणि पाणी नितळ होतं हेही खोटं नव्हतं. दोन्ही आम्ही डोळ्यांनी बघितलेलं. साहेबानं पैसे खाल्ले असं मी म्हणालो, पण बायला ते पटलं नाही. "तसलो माणूस नाय तो," ती म्हणाली. माझ्या मनालाही ते पटलेलं नव्हतं, पण रागानं काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो.

उलगडा झाला तो बाजारात. बायची बाजारातली एक रीत होती. दुकानात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतात तसली एक मोठी काचेची बरणी तिच्याकडे होती. बाजाराच्या दिवशी ती खाडीचं गढूळ पाणी त्या बरणीत भरून न्यायची, त्यात आपल्या पाटीतल्या आठ-दहा तिसऱ्या सोडायची आणि बरणी समोर मांडून बसायची. बाजार भरेपर्यंत पाणी नितळ व्हायचं. कोणी विचारलं, बाई ताजे आहेत ना, की बाय तोंडानं काही बोलायची नाही. बरणीवर नुसती टिचकी मारायची. आत तिसऱ्या मिटायच्या, गिऱ्हाईक पाटीपुढे बसायचं. दुसऱ्या बायका तिला चिडवायच्या, की द्वारके, तू तिसरे विकतंस की पाणी? पण त्यांचं उरायचं आणि बायचं संपायचं.

त्या दिवशी मी मीठ घ्यायला बाजारात गेलो होतो आणि बायच्या शेजारी टेकलो होतो. बरणीतलं पाणी वरून निवळत खाली येत होतं. बाय त्याच्याकडे बघत बसली होती. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"वासू," ती म्हणाली, "साहेबान माझी बरणी भरून नेल्यान."

"खयची बरणी? ही काय, हय आसा."

"अरे पट्टो म्हणजे काय? बरणीच ती. खाडीची सगळी घाण ते तिसरे गाळून घेतत आणि वर नितळ पाणी सोडतत. आमी साहेबांका नेला खय? तर बरोबर त्यांच्या डोक्यार. वर आणि मी म्हटलंय, थांबा, निवळांदेत." तिनं कपाळावर हात मारला. "आख्खो जलम मी गिऱ्हाईकांका नितळ पाणी दाखवलंय रे. साहेबांका पण तसाच दाखवलंय."

गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. मी बायची समजूत काढली असती, पण काय सांगून काढणार? ती म्हणत होती ते बरोबरच होतं. बाकीच्या खाडीचं पाणी डाळीच्या आमटीसारखं दिसे आणि वळणावर मात्र तळ दिसे. लहानपणापासून आम्ही ते बघत आलो होतो. तिसऱ्या गाळ पोटात घेतात, त्याच्या गोळ्या करून खाली टाकतात, त्या गोळ्यांवर खेकडे आणि बारकी मासळी जगते, आणि तळ असा घट्ट बसतो की माणूस अनवाणी चालत जातो. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण सूर्य उगवतो हे ठाऊक असावं तसं. त्याचा विचार कोण करतो?

मग बायनं ठरवलं, सभेला बरणी न्यायची.

सभा फाल्गुनात झाली. तिच्या आधीच्या अमावास्येला नळ जोरात सुटला होता. सभेच्या दिवशी सकाळच्या ओहोटीला बाय पट्ट्यावर उतरली. मी होडी धरून उभा होतो. तिसऱ्या शोधायला तिला खूप वेळ लागला. खालच्या अंगाला कशाबशा मिळाल्या. एकेक हातात घेऊन, नखानं दाबून, तिनं घट्ट मिटलेल्या तेवढ्या निवडल्या.

"पुरे झाले," ती म्हणाली. "आठ पुरे."

शाळेत बाकं भरलेली होती. टेबलामागे सबनीससाहेब, त्यांच्या कचेरीतले आणखी एक जण आणि कारखान्याचा मॅनेजर. बाबलनं बायचं नाव पुकारलं. बाय बरणी पोटाशी धरून पुढे गेली. घरात कमी बोलणारी बाई नव्हती ती, पण इतक्या माणसांपुढे पहिल्यांदाच उभी राहत होती.

"साहेब, तुमी त्या दिवशी नेलास ता खाडीचा पाणी न्हय," ती म्हणाली. "ता तिसऱ्यांनी गाळलेला पाणी. खाडीचा पाणी ह्या." तिनं बरणी वर धरली. पाणी गढूळ होतं. "ह्यात मी आता आठ तिसरे सोडतंय. तुमची सभा संपासर पाणी नितळ होतला. मगे तुमीच सांगा, ह्यातली घाण गेली खय. ती त्यांच्या पोटात जाता. म्हणान पाणी चांगला दिसता आणि ते मरतत."

सबनीससाहेब पुढे वाकले.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला आणि बरणीला जागा करून दिली. "ठेवा बाई. बघू या. आणि पाणी साफ झालं, तर मी दुसरीकडचं पाणी पुन्हा तपासल्याशिवाय काही लिहिणार नाही."

मॅनेजरच्या कपाळाला आठी पडली. माझ्या शेजारच्या माणसानं माझ्या मांडीवर थाप मारली. बायनं एकेक तिसरी पाण्यात सोडली आणि पहिल्या बाकावर येऊन बसली. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या घटकेला माझी छाती फुगली होती.

मॅनेजरचं भाषण सुरू झालं. रोजगार, रस्ता, दवाखाना. मी ऐकत नव्हतो. बाजारात एरवी पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस संपेपर्यंत बरणीच्या तोंडाशी बोटभर पाणी निवळलेलं असायचं. मॅनेजर खाली बसला, बाबल बोलून झाला, मग शाळेचे मास्तर बोलले, आणि बरणी होती तशीच होती. तळाला थोडा गाळ बसला होता, तेवढाच. तो तर तिसऱ्यांवाचूनही बसतो.

बाय एकदा उठली. टेबलाशी गेली आणि बरणीवर टिचकी मारली. काचेला टेकलेल्या दोन तिसऱ्या मला बाकावरून दिसत होत्या. सकाळी मिटलेली त्यांची तोंडं आता किंचित फाकली होती. टिचकीनं ती मिटली नाहीत. बायनं पुन्हा टिचकी मारली. मग ती जागेवर येऊन बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी सबनीससाहेब म्हणाले, "बाई, पाणी तर तसंच आहे."

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. "साहेब, ते मेले. टेबलार मेले. आणखी कसलो पुरावो होयो तुमका?"

"मेलेले आणून सोडले तर पाणी कसं साफ होणार?" मॅनेजर म्हणाला. मागच्या बाकांवर दोघं-तिघं हसले. आमच्याच गावातले होते.

साहेबांनी त्यांना हातानं गप्प केलं. त्यांचा सगळा जीव बायच्या उत्तरात अडकल्यासारखा दिसत होता. "बाई, तुम्ही सांगा. घातले तेव्हा जिवंत होते ना? तुम्ही हो म्हणा, मी तसं लिहून घेतो."

एका शब्दाचं काम होतं. मी मनात म्हणत होतो, बाये, होय म्हण. बाबल वळून तिच्याकडे बघत होता. पण बायनं गिऱ्हाइकाला उभ्या जन्मात मेलेली तिसरी जिवंत म्हणून दिली नव्हती, आणि नुकती मेलेली तिसरीही काही वेळ मिटलेलीच असते. ती उभी राहिली.

"मिटलेले होते," ती म्हणाली. "जिते होते की नाय, माका सांगूक येवचा नाय, साहेब."

साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. बाय टेबलापाशी गेली, बरणी उचलली आणि तिच्यावर पदर टाकला. बाजारातून गढूळ बरणी तिनं कधीच परत नेली नव्हती. शाळेच्या दारातून ती बाहेर पडली आणि मी तिच्यामागे धावलो.

ती घरी गेली नाही, थेट खाडीवर गेली. ओहोटी पुन्हा लागली होती. मी तिला होडीतून वळणावर नेलं. तिनं लुगडं वर खोचलं आणि नेहमीसारखा होडीतून पाय खाली टाकला. त्या पट्ट्यावर घोट्याच्या वर पाय कधी रुतत नसे, तळ तेवढा घट्ट होता. त्या दिवशी बाय गुडघ्यापर्यंत आत गेली. तिनं दुसरा पाय टाकला, तोही गेला. मी हात धरला म्हणून ती पडली नाही.

"वासू," ती म्हणाली, "खालची जमीन गेली रे."

मी वाकून हातानं चाचपलं. चिखल पातळ झाला होता आणि त्यातून कुजकी घाण वर येत होती. बोटांना शिंपल्या लागत होत्या, सगळ्या उघड्या, आतून रिकाम्या नाहीतर काळ्या. वळणाच्या खडकांवरची कालवंही मला त्या दिवशी नीट दिसली. त्यांची तोंडं उघडी होती.

बाय गुडघाभर चिखलात उभी होती. "जिते होते तेव्हा पाणी नितळ करून माका खोटा पाडल्यानी," ती म्हणाली, "आणि मेले तेव्हा गढूळ ठेवन." तिचा आवाज अगदी साधा होता. मी तिला ओढून होडीत घेतलं तेव्हा ती लहान मुलीसारखी हलकी लागली. काठ येईपर्यंत मी रडत होतो आणि ती मला वल्हं नीट मार म्हणून सांगत होती.

दुसरा नळ पावसाआधी टाकला गेला. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत वळणावरचा मोकळा झालेला गाळ भरतीबरोबर वर-खाली हिंडायला लागला आणि तरीच्या तोंडाशी साचला. ओहोटीला माझी होडी काठाला लागेना. खेकडे गेले, मग बगळे कमी झाले. पूल झाला तेव्हा गावानं पेढे वाटले. मीही एक खाल्ला. होडी तशीही चालत नव्हती.

सबनीससाहेब पुन्हा आले ते पुलावरून, मोटारीनं. निवृत्त झाले होते, देवदर्शनाला निघाले होते, वाट वाकडी करून घर शोधत आले. बाय ओसरीवर बसली होती. म्हातारी झाली होती, पण तिनं त्यांना लगेच ओळखलं.

"बाई, त्या दिवशीची चव अजून जिभेवर आहे," ते म्हणाले. "म्हटलं, जाता जाता बघावं."

"बसा साहेब," बाय म्हणाली. "जेवल्याशिवाय जावचा नाय."

तिनं मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वासू, बाजारात जा. कारवारचे तिसरे येतत बर्फातून, ते मिळतत काय बघ."

"बाये, कित्याक? सरळ सांग मा त्यांका."

"जा म्हटलंय ना."

मी गेलो आणि आणले. बायनं खोबरं घातलं, भाकऱ्या केल्या. साहेब जेवायला बसले, मी शेजारी. पहिल्या घासालाच त्यांनी डोळे मिटले. मग एकेक शिंपली कडेला ठेवत ते बोलायला लागले.

"बाई, एक सांगतो. त्या सभेनंतर मला बरीच वर्षं रुखरुख होती. आपण काही चूक तर केली नाही ना, असं वाटायचं. पण आज हे ताट बघितलं आणि बरं वाटलं. तिसऱ्या आहेत म्हणजे खाडी आहे."

मी हातातला घास खाली ठेवला आणि तोंड उघडलं. बायनं माझ्याकडे न बघता माझ्या ताटात भाकरी वाढली.

"जेव, वासू," ती म्हणाली. "पावण्यांका अवघड करू नको."

साहेब हसले. "तुम्हीच तर म्हणाला होता तेव्हा, तिसऱ्या कुठे जाणार?"

"होय तर," बाय म्हणाली. "तिसरे खय जातले?" आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.